सुतकातला ब्रुस्केत्ता

बायकोला पुरून चोवीस तासही झाले नव्हते, तेव्हा एजिदिओ लोवाल्योनं ठरवलं की आज दुपारचं खाणं आपण आपल्या हातानं करायचं. ठरवलं एवढंच. यात गुन्हा काय, पाप काय, बातमी तरी काय? पण पुढच्या दोन तासांत त्याच्या दारासमोर अर्धं गाव, एक पाद्री आणि आगीचा बंब जमा झाला, आणि दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात दोन ओळी आल्या: 'पिएत्राफोस्का येथे शोकाकुल वृद्धाचा आत्महत्येचा प्रयत्न. शेजाऱ्यांच्या सतर्कतेने प्राण वाचले.' या दोन ओळींत 'वृद्ध' हा शब्द तेवढा खरा. बाकी सगळं कचेरीत खुर्चीवर बसून लिहिलेलं. लिहिणारा एकदा जरी डोंगर चढून त्या स्वयंपाकघरात आला असता आणि नाकानं श्वास घेतला असता, तरी त्याला कळलं असतं की तिथं लसूण जळला होता.

म्हणून हे नीट सांगायला हवं.

एजिदिओ बहात्तर वर्षांचा, जमीन नोंदणी कचेरीतला निवृत्त कारकून. सेहेचाळीस वर्षं संसार झाला, आणि एवढ्या काळात स्वयंपाकघरातली त्याची जागा एकच होती: टेबलाशी, खिडकीकडची खुर्ची. तिथं बसून तो ब्रिजिदाच्या हातचं खायचा आणि शेरे मारायचा. टोमॅटो अजून दोन मिनिटं निखाऱ्यावर हवा होता. तेल मागच्या वर्षीचं दिसतंय. पावावर लसूण घासलास की नुसता दाखवलास? (खाणारा म्हणून तो पंडित होता. करणारा म्हणून अंगठेबहाद्दर.) मंगळवारी दुपारी जेवता जेवता ब्रिजिदा उठली, फळीपर्यंत गेली आणि तिथंच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बुधवारी तिला पुरलं.

आता आमच्याकडे रिवाज असा की मयताच्या घरात पुरल्या दिवसापासून तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजार जेवण आणतो. आणतो म्हणजे काय, त्यासाठी भांडतो. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, हे प्रेताला चपला घालायच्या आधी ठरलेलं असतं. आणि ज्या घराची पाळी आहे त्या दिवशी मयताच्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला, तर त्याचा अर्थ सगळ्या गावाला एकच लागतो: त्या घरचं अन्न यांच्या घशाखाली उतरत नाही. असं ज्या बाईचं नाक कापलं गेलं तिनं पुढं वीस वर्षं मागच्या दारानं चर्चमध्ये जावं.

गुरुवारची पाळी जेनोवेफाची होती. जेनोवेफा समोरच्या घरात राहणारी विधवा, ब्रिजिदाची जिवाची मैत्रीण, एजिदिओच्या मुलीची धर्ममाता, आणि कोंबडीच्या सूपसाठी तीन गावांत प्रसिद्ध. रिवाजाच्या बाबतीत ती इतकी कडक की बुधवारी संध्याकाळी तिनं एजिदिओच्या गॅसचा रेग्युलेटर काढून एप्रनच्या खिशात टाकला होता.

"भावजी, चुकून हात जायला नको," ती म्हणाली.

(तिथं त्याचा हात जाईल अशी भीती सेहेचाळीस वर्षांत कोणालाही वाटली नव्हती.)

एवढं सगळं असताना एजिदिओला ही बुद्धी का झाली? कारण त्या सकाळी त्यानं आपल्या मुलीला फोनवर बोलताना ऐकलं. मिरेल्ला तोरिनोहून आली होती, आणि जिन्यात उभी राहून नवऱ्याशी बोलत होती.

"नाही रे, एकटं कसं ठेवणार? त्यांना पाव कापता येत नाही... हो, रविवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली... विचारायचं काय त्यात? कपडे मी भरते. तू ती इस्त्रीची खोली रिकामी कर."

ती इस्त्रीची खोली एजिदिओला ठाऊक होती. सहाव्या मजल्यावरची, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. एकदा तो तिथं अकरा दिवस राहिला होता, आणि त्यातले नऊ दिवस त्यानं लिफ्ट वर-खाली जाताना पाहण्यात घालवले होते. तिथं गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याला कळत होतं. गावातले चौघं असे उत्तरेला मुलांकडे गेले होते. चौघंही परत आले ते पेटीतून.

त्यानं पायजम्याची नाडी घट्ट केली आणि ठरवलं. मिरेल्ला दफनभूमीत फुलांच्या चक्रांची आवराआवर करायला गेली होती, बाराला परत येणार होती. ती दारात येईल तेव्हा टेबलावर दोन थाळ्यांत दोन ब्रुस्केत्ता असतील. भाजलेल्या टोमॅटोचे. आईच्या पद्धतीचे. मग बोल म्हणावं, पाव कापता येत नाही!

आणि ब्रुस्केत्ता म्हणजे असतं काय? शिळा पाव निखाऱ्यावर भाजायचा, लसूण घासायचा, वर भाजलेला टोमॅटो चिरडायचा, तेल, मीठ. हे काय राजाचं ताट आहे? शेतावर गडी लोक हे एका हातानं करतात आणि दुसऱ्या हातानं गाढव धरतात.

गॅस बंद, म्हणून चूल. चुलीच्या वरच्या तुळईला ब्रिजिदानं ऑगस्टमध्ये दोऱ्यात ओवून टांगलेले टोमॅटो होते. फेब्रुवारीपर्यंत त्यातले नऊ उरले होते, सुरकुतलेले, पण आत रस धरून. त्यानं सहा तोडले. पाव ब्रिजिदानंच सोमवारी आणलेला. तो कापायला घेतला तर पहिला तुकडा एका बाजूला विटेएवढा जाड आणि दुसऱ्या बाजूला रजिस्टरच्या पानासारखा निघाला. दुसरा त्याहून वाईट. लसणाच्या सहा पाकळ्या त्यानं सोलल्या. सोलायला वीस मिनिटं लागली, पण सालं मात्र त्यानं कारकुनाच्या शिस्तीनं एका बशीत, एकावर एक, रचून ठेवली.

आता प्रश्न लपवाछपवीचा. आमची गल्ली इतकी अरुंद की जेनोवेफा तिच्या खिडकीतून याच्या थाळीतले ऑलिव्ह मोजू शकते. म्हणून त्यानं खिडक्यांची दारं आतून लावून घेतली. भाजलेल्या लसणाचा वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मग कडी घातली, वेलीच्या काटक्या रचल्या, वर चर्चचं मासिक फाडून टाकलं आणि काडी लावली.

धूर वर गेला नाही. खोलीत आला.

एजिदिओला आधी वाटलं, देव पावला! धुराड्यातून धूर नाही, म्हणजे गावाला पत्ता नाही. (ब्रिजिदा गेल्यावर थंड वारा आत येऊ नये म्हणून मिरेल्लानं धुराड्याची झडप लावून घेतली होती. असली काही झडप घरात आहे, हे एजिदिओला सेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं.) पाच मिनिटांत त्याला स्वतःचा हात दिसेना. टोमॅटो निखाऱ्यावर ठेवले ते फटाफट फुटले. एकाचा रस पडद्यावर, एकाचा त्याच्या चष्म्यावर. पावाची एक बाजू काळी झाली आणि दुसरी पांढरीच राहिली. आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मंगळवारपासून त्याला रडू आलं नव्हतं. दफनाच्या वेळी बायका त्याच्याकडे बघून कुजबुजत होत्या. आता भर दिवसा, चिमटा हातात घेऊन, तो लहान पोरासारखा रडत होता, आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं की यातलं धुराचं किती.

चाचपडताना त्याच्या हाताला एक साखळी लागली. त्यानं ओढली.

झडप उघडली. खोलीभर साचलेला धूर एका दमात वर गेला, त्याच्यामागून जाळ गेला, आणि धुराड्यातली दोन हिवाळ्यांची काजळी पेटली. बाहेर चौकात बसलेल्या लोकांनी पाहिलं: सुतकाच्या घरावर झाडाएवढा काळा खांब उभा राहिला आहे आणि त्यातून ठिणग्या उडताहेत.

जेनोवेफा तेव्हा सूप गाळत होती. गाळणं तसंच टाकून ती धावली.

"भावजी! दार उघडा!"

"आलो, आलो," आतून आवाज आला. "जरा थांबा. झालंच आहे."

"झालंच आहे म्हणतात!" जेनोवेफानं गल्लीला सांगितलं. तिनं दाराखालचा टॉवेल पाहिला होता. बंद खिडक्या पाहिल्या होत्या. "भावजी, असलं काही करू नका हो!"

"तुम्ही घरी जा. मला एकट्याला करू द्या."

"अहो, पोरीचा तरी विचार करा!"

"तिचाच विचार करतोय. दोन केलेत. एक तिच्यासाठी आहे."

यावर गल्लीत जी किंकाळी उठली ती खालच्या दरीतल्या बंबवाल्यांना फोनच्या आधी पोचली असावी. फादर लिबोरिओ मरणाऱ्याला लावायच्या अभिषेकाच्या तेलाची बाटली घेऊन पळत आले. तरुणपणी ते सेमिनरीच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायचे. त्यांनी बाटली जेनोवेफाच्या हातात दिली, चार पावलं मागं गेले आणि दाराला खांदा मारला.

आत एजिदिओ उभा होता. तोंड काळं, डोळे लाल, उजव्या हातात पावाची सुरी.

ती सुरी त्याच्या हातून कशी काढून घेतली, त्याला घोंगडीत कसं गुंडाळलं, पडद्याला आणि टेबलावरच्या कापडाला लागलेल्या ठिणग्या कशा विझवल्या, बंबवाल्यांनी धुराड्यात ओतलेलं पाणी काजळीसकट स्वयंपाकघरभर कसं पसरलं, वरची चार कौलं कशी फुटली, ते सगळं सांगत बसत नाही. बारा वाजता मिरेल्ला गल्लीतून धावत आली, हातात फुलांच्या चक्राची जांभळी फीत. बाप घोंगडीत, खुर्चीवर. घोट्यापर्यंत काळं पाणी.

"एजिदिओ," फादर त्याचा हात धरून सांगत होते, "देवानं दिलेला जीव देवानंच न्यायचा असतो. ब्रिजिदाला भेटायची एवढी घाई करू नये."

"मी ब्रुस्केत्ता करत होतो," एजिदिओ म्हणाला.

बंबवाल्यांतला एक जण टोपी काढून उभा राहिला.

"डोक्यावर परिणाम झालाय," कोणीतरी दारातून म्हणालं.

"बाबा," मिरेल्ला म्हणाली, "तुम्ही आयुष्यात कधी अंडंसुद्धा उकडलं नाहीत."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? खिडक्या का लावल्या? टॉवेल का कोंबला? कडी का घातली?"

"लसणाचा वास जाऊ नये म्हणून."

मिरेल्लानं फादरकडे पाहिलं. फादरनी डोळे मिटले. आता रविवारची सुद्धा वाट बघायची नाही, आजच्याच गाडीनं न्यायचं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खिडकीला गज बसवावे लागतील, हेही बहुधा.

तेवढ्यात जेनोवेफा वाकली, घोंगडी सारखी करण्याचं निमित्त करून त्याच्या कानाशी आली.

"भावजी, एक मागणं आहे. जीव देत होतो असंच म्हणा."

"काय?"

"हळू! आज माझी पाळी आहे. धूर सगळ्यांनी बघितला. जेनोवेफाचं सूप नको म्हणून यानं सुतकात चूल पेटवली, असं म्हणतील. मी गावात तोंड कुठं दाखवू? जीव देत होता म्हटलं की माझ्या सूपला कोणी बोट लावणार नाही."

"अहो, पण मी जीव देत नव्हतो!"

"तुमचं काय जातंय हो म्हणायला? आता तर वाचलात ना?"

तिच्या दृष्टीनं मागणं रास्त होतं, आणि एजिदिओलाही ते कळत होतं. याच बाईनं मंगळवारी ब्रिजिदाचे केस विंचरले होते, तिचे डोळे मिटले होते. तिचं नाक वाचवायचं तर त्यानं मान डोलवायची, आणि उरलेलं आयुष्य इस्त्रीच्या खोलीत, गजाआड, समोरची भिंत बघत काढायचं. खरं सांगायचं तर तिची लाज चव्हाट्यावर मांडायची. आणि खरं सांगून तरी उपयोग काय? खरं कोणी मानायलाच तयार नव्हतं! या गावात माणूस मरायला निघाला यावर शंभर जणांचा विश्वास बसतो. माणूस स्वयंपाकाला लागला यावर एकाचाही नाही.

"तुझी आई शेवटी काय म्हणाली, ते मी खोटं सांगितलं," तो एकदम मिरेल्लाला म्हणाला.

"आता ते कुठून आलं, बाबा?"

"तिनं देवाचं नाव घेतलं नाही."

फादरनी डोळे उघडले. बुधवारचं सबंध प्रवचन त्यांनी त्याच गोष्टीवर रचलं होतं.

"आम्ही हेच खात होतो," एजिदिओ म्हणाला. "पाव आणि टोमॅटो. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ती म्हणाली, तुमचे हात झिजतात का? एकदा तरी उठून घ्या की स्वतः. मी उठलो नाही. मला वाटलं, म्हणते आहे, म्हणून दे, उठेल तीच. रोज उठायचीच. आणि उठली." घोंगडीच्या टोकानं त्यानं चष्मा पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी काळा झाला. "मिठाची बरणी तिच्या हातातच होती. डॉक्टरांनी सोडवून घेतली. मग आज मी उठलो. उशीर झाला, पण उठलो. बस्स. एवढंच होतं."

धुराड्यातून पाणी ठिबकत होतं.

"पण प्रवचनात मी..." फादर पुटपुटले. "सगळा गाव रडला हो त्यावर."

"छान होतं ते. राहू द्या तसंच."

जेनोवेफा सरळ झाली. काळ्या पाण्यातून ती टेबलापर्यंत गेली. तिथं दोन थाळ्या होत्या, थाळ्यांत दोन कोळसे, कोळशांवर काहीतरी लाल. शेजारी बशीत लसणाची सालं, एकावर एक. तिनं ती बशी उचलली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग वळून दारातल्या गर्दीला म्हणाली:

"मरायला बसलेला माणूस लसूण सोलून सालं रचून ठेवत नाही. हा माणूस खरंच स्वयंपाक करत होता." ती म्हणाली, "माझ्या पाळीच्या दिवशी. माझं सूप चुलीवर असताना. आता जा आणि गावभर सांगा!"

आपलं नाक तिनं आपल्याच हातानं कापून गर्दीसमोर ठेवलं. पेपरवाल्यांनी लिहायचं तर हे लिहायचं होतं.

मग तिनं थाळीतला एक तुकडा तोडून तोंडात टाकला. चावला. फादरकडे वळली.

"पण देवाशपथ सांगते फादर, हे खाण्यापेक्षा जीव दिलेला बरा."

मिरेल्ला हसली की हुंदका दिला ते कळलं नाही, बहुधा दोन्ही एकदम झालं. तिनं दुसऱ्या थाळीतला तुकडा उचलला, बापाकडे बघत बघत पूर्ण खाल्ला, आणि तोंडावर हात ठेवून फोन घेऊन बाजूला गेली. तोरिनोहून जावयाचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. तो माणूस मोठ्या यंत्रांच्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे फोनवर ओरडतो. सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"जिवंत आहेत ना?"

"आहेत. तसं काही नव्हतंच. स्वयंपाक करत होते."

"मग पेटलं काय?"

"धुराडं. आणि पडदा. आणि टेबलावरच्या कापडाचा कोपरा."

"करत काय होते पण?"

"पाव भाजत होते."

मग जावई, आयुष्यात पहिल्यांदा असेल, हळू आवाजात बोलला. पण खोली इतकी गप्प होती की तेही ऐकू आलं.

"मिरेल्ला, आपल्या खाली पाच मजले माणसं राहतात."

"अरे, ते माझे वडील आहेत!"

"आहेतच. मी त्यांना रोज फोन करीन. पण एक तिकीट परत कर."

म्हणजे एजिदिओ जिंकला. त्याला घर मिळालं, गल्ली मिळाली, खिडकीकडची खुर्ची मिळाली. आपण एकट्यानं राहायला लायक आहोत, हे सिद्ध करायला तो निघाला होता. कोणाच्याही घरात ठेवायला लायक नाही, हे सिद्ध करून तो जिंकला, एवढाच काय तो फरक. त्याचं अभिनंदन कोणी केलं नाही. मिरेल्ला त्याच्या शेजारी बसली आणि ओल्या फितीनं त्याचं तोंड पुसायला लागली.

"रविवारी मी एकटीच जाते, बाबा. पण खाण्याचं काय करणार तुम्ही?"

"शिकेन की. आज पहिलाच दिवस होता. झडपेचं कळलं आता. उद्या कमी जाळ करीन."

"उद्या!" दारातून चार बायका एकदम ओरडल्या.

जेनोवेफानं हात वर करून त्यांना गप्प केलं. तोवर ती घरी जाऊन सूपचं भांडं घेऊन आली होती, आणि बरोबर कागद-पेन्सिलही. टेबलावरची राख बाहीनं बाजूला सारून तिनं लिहायला घेतलं. सोमवार ती स्वतः, मंगळवार कोपऱ्यावरची, बुधवार शिंप्याची बायको, असं करत आठवडा भरला. रविवारी फादरच्या घरचं. एजिदिओला कोणी विचारलं नाही. मग तिनं उठून धुराड्याची झडप लावून घेतली, साखळी सोडवून, गोल गुंडाळून रेग्युलेटरशेजारी खिशात टाकली आणि त्याच्यापुढं सूपची वाटी ठेवली.

"खा. निवतंय."

"खातो. पण जेनोवेफाबाई," एजिदिओ चमचा हातात घेऊन नम्रपणे म्हणाला, "सुतक तर उद्या संपतं. परवापासून चूल पेटवायला काही हरकत नाही ना?"

"पेटणार नाही."

"कधीपर्यंत?"

"या घरातलं पुढचं मयत होईस्तोवर," जेनोवेफा म्हणाली. "आणि रिवाजाप्रमाणे त्यापुढं तीन दिवस."

एजिदिओनं रविवारी मिरेल्ला गेल्यावर घरात माणसं किती उरतील ते मनाशी मोजलं. मोजायला वेळ लागला नाही.